खुब्याचं फ्रॅक्चर: स्क्रू, रॉड की बायपोलर?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी एकदा मांडतो. आईंचं वय ७४. काल संध्याकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. त्याआधी स्वयंपाक, भाजी आणणं, देवळापर्यंत चालत जाणं, सगळं स्वतः करत होत्या. मधुमेह आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘नेक फीमर फ्रॅक्चर, डिस्प्लेस्ड’ असं आलंय, म्हणजे मांडीच्या हाडाची मान मोडून तुकडे सरकलेत. एक डॉक्टर म्हणतात बायपोलर, म्हणजे खुब्याचा कृत्रिम बॉल, बसवा. दुसरे म्हणतात तीन स्क्रूंवर भागेल, स्वतःचं हाड वाचेल. शेजारच्या काकूंना रॉड टाकला होता आणि त्या दीड महिन्यात चालायला लागल्या, मग आईला कृत्रिम बॉल कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. आणि मामांचा आग्रह आहे की या वयात ऑपरेशन नको, सहा आठवडे पायाला वजन लावून झोपवून ठेवा.

चार माणसांनी चार गोष्टी सांगितल्या की कोण खरं बोलतंय हा प्रश्न पडतो. इथे मात्र उत्तर माणसांवर अवलंबून नाही. हाड नेमकं कुठे मोडलंय, खुब्याच्या बॉलला रक्त पोचतंय का, आणि आई किती लवकर उभ्या राहू शकतील, या तीन गोष्टी ठरल्या की इलाज जवळजवळ आपोआप ठरतो. एक्स-रे मी पाहिलेला नाही. रिपोर्ट बरोबर आहे असं धरून पुढचं लिहितोय.

आधी रचना समजून घ्या. मांडीचं हाड गुडघ्यापासून वर सरळ येतं आणि खुब्यापाशी आत वळतं. या वळलेल्या भागाला मान म्हणतात आणि तिच्या टोकावर गोल डोकं असतं, ज्याला सगळे बॉल म्हणतात. तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. मान आणि सरळ हाड यांच्यात साधारण १३० अंशांचा कोन असतो. रस्त्याकडेच्या खांबावरून दिव्याचा हात जसा तिरका बाहेर आलेला असतो, तशी ही रचना आहे, त्यामुळे शरीराचं सगळं वजन मानेला वाकवू पाहतं. पाळी गेल्यानंतर बायकांचं हाड विरळ होत जातं आणि नुसत्या उभ्या उंचीवरून पडण्याचा झटकासुद्धा ती मान सोसू शकत नाही.

मान जिथे सरळ हाडाला मिळते तिथे बाहेरच्या बाजूला एक मोठा आणि आत-मागच्या बाजूला एक लहान उंचवटा असतो. यांना मोठा आणि लहान ट्रोकँटर म्हणतात. कुल्ह्याच्या बाजूला हात लावल्यावर जे टणक हाड लागतं तो मोठा ट्रोकँटर. आता महत्त्वाचं: सांध्याभोवती एक चिवट पिशवी असते, कॅप्सूल. पुढच्या बाजूने ती दोन्ही ट्रोकँटरना जोडणाऱ्या रेषेपर्यंत खाली येते, मागच्या बाजूने मात्र मानेच्या मध्याच्या थोडी पुढेच संपते. म्हणजे मानेचा बहुतेक भाग या पिशवीच्या आत आहे, ट्रोकँटरचा भाग बाहेर.

बॉलला रक्त देणाऱ्या मुख्य शिरा मांडीतल्या एका मोठ्या धमनीच्या फांद्या आहेत. त्या खालून, मानेला अगदी चिकटून, बहुतांशी मागच्या आणि वरच्या बाजूने बॉलपर्यंत चढतात. वाटीच्या तळातून येणाऱ्या अस्थिबंधातून एक बारीक शीर येते खरी, पण मोठ्या माणसात तिचा आधार नगण्य असतो. मान मोडून तुकडे सरकले की या चढत्या शिरा ताणल्या जातात किंवा तुटतात. शिवाय मानेवर हाडाचं ते आवरण जवळजवळ नसतंच, ज्यातून एरवी मोडलेल्या हाडाभोवती नव्या हाडाची गाठ तयार होते. वर सांध्यातलं वंगण मोडलेल्या फटीत शिरतं. रक्त कमी, आवरण नाही, फटीत द्रव. म्हणून मानेचं सरकलेलं फ्रॅक्चर म्हातारपणी जुळायला फार नाखूश असतं, आणि जुळलं तरी बॉल पुढे मरू शकतो. हे बॉल मरणं एक-दोन वर्षांनीही उघड होतं. आधी जांघेत दुखायला लागतं, मग बॉल चपटा होत जातो.

शेजारच्या काकूंचा मुद्दा इथेच सुटतो. त्यांचं हाड बहुधा दोन ट्रोकँटरच्या मध्ये मोडलं असणार. तो भाग पिशवीबाहेर आहे, तिथलं हाड जाळीदार आणि भरपूर रक्ताचं आहे, भोवती स्नायू आहेत. तिथे हाड जुळतंच. तिथला त्रास वेगळा: स्नायूंच्या ओढीने पाय आखूड होतो, बाहेर वळतो आणि तसाच वाकडा जुळतो. म्हणून तिथे ते सरळ ठेवण्यासाठी डीएचएस नावाची प्लेट-स्क्रूची जोडणी किंवा पीएफएन हा रॉड वापरतात. हाडाची बाहेरची भिंत शाबूत असेल, दोनच तुकडे असतील तर डीएचएस पुरते. लहान ट्रोकँटरचा मोठा तुकडा निघालाय, बाहेरची भिंत फुटलीय किंवा फ्रॅक्चरची रेषा उलट्या दिशेची आहे, तर रॉड. काकूंना रॉड योग्य होता आणि आईंना नाही, यात काही विसंगती नाही.

फक्त एक खात्री करून घ्या. मानेचं फ्रॅक्चर अगदी बुंध्यापाशी, ट्रोकँटरच्या रेषेवर असेल, तर ते दोन्ही प्रकारांच्या सीमेवर येतं आणि तिथे बहुधा हाड जोडण्याकडेच कल असतो. मोडलेला पाय बाहेर वळलेला असल्यामुळे साध्या एक्स-रेत मान आखूड दिसते आणि वाचण्यात चूक होऊ शकते. कंबरेचा दोन्ही खुबे दिसणारा एक्स-रे, पाय हलकेच ओढून आतल्या बाजूला १५ अंश वळवून काढलेला एक एक्स-रे आणि एक बाजूने घेतलेला, एवढ्यावर प्रश्न सहसा मिटतो. तरी शंका असेल तर सीटी स्कॅन.

आता स्क्रू की बायपोलर. मानेच्या फ्रॅक्चरची गार्डन नावाची जुनी विभागणी आहे, १९६१ सालची, चार टप्प्यांची. रोजच्या कामात तिचे दोनच भाग उपयोगाचे आहेत: न सरकलेलं (पहिला, दुसरा टप्पा) आणि सरकलेलं (तिसरा, चौथा). न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये शिरा बऱ्याच वाचलेल्या असतात. तिथे सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) छोट्या चिरांतून तीन पोकळ स्क्रू घालतात, उलट्या त्रिकोणात, म्हणजे एक खाली आणि दोन वर. खालचा स्क्रू मानेच्या खालच्या जाड कवचाला लागून जायला हवा, कारण पकड तिथेच असते. हे काम अर्ध्या तासाचं, रक्तस्राव थोडा. तरीही वयस्कांत साधारण दहातल्या एकाला पुढे दुसरं ऑपरेशन लागतं.

सरकलेल्या फ्रॅक्चरला याच वयात स्क्रू लावले तर हा आकडा तीनातल्या एकाच्या आसपास जातो. विरळ हाडात स्क्रूची पकड सैल पडते, मान आखूड होत जाते, स्क्रूची मागची टोकं मांडीबाहेर टोचू लागतात, किंवा स्क्रू बॉल फाडून वाटीत शिरतो. मग वर्षभरात तेच बायपोलर किंवा पूर्ण सांधा बसवावा लागतो, आता जास्त अशक्त झालेल्या माणसाला आणि आधीच एकदा उघडलेल्या जागी. साठीच्या आतल्या माणसात मी उलट सांगेन: काहीही करून बॉल वाचवा, तातडीने हाड जागेवर आणा आणि स्क्रू लावा, कारण कृत्रिम सांधा त्यांना तीस-चाळीस वर्षं पुरवावा लागेल. ‘स्वतःचं हाड वाचेल’ हा विचार त्या वयात मोलाचा आहे. ७४ व्या वर्षी, सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये, मी बॉल बदलण्याच्याच बाजूने आहे. स्क्रू सुचवणाऱ्या डॉक्टरांना एकच विचारा: फ्रॅक्चर सरकलेलं आहे की नाही? ते ‘नाही’ म्हणाले आणि एक्स-रेवर दाखवू शकले, तर त्यांचा सल्ला योग्य आहे आणि रिपोर्ट चुकीचा.

बॉल बदलण्यातही प्रकार आहेत. कृत्रिम बॉलला खाली एक दांडा असतो, तो मांडीच्या हाडाच्या नळीत बसवतात आणि पक्का करायला भोवती सिमेंट भरता येतं. मूर हा एकसंध धातूचा जुना बॉल, सिमेंटशिवाय बसवतात, स्वस्त असतो. बायपोलरमध्ये दांड्यावर लहान बॉल आणि त्यावर फिरणारं मोठं कवच असतं, म्हणजे हालचाल दोन ठिकाणी वाटली जाते. लोकांचा समज असतो की बायपोलर म्हणजे भारी आणि म्हणून चांगलं. खरं पाहता फिरणाऱ्या कवचाने चालण्यात फार फरक पडल्याचं दिसलेलं नाही. फरक पडतो तो दांडा हाडात किती घट्ट बसला यावर. वयस्क, रुंद आणि पातळ झालेल्या नळीत सिमेंट न वापरलेला मूर हळूहळू खाली रुततो, मांडी दुखत राहते, कधी दांड्याभोवतीचं हाडच फुटतं. म्हणून बायपोलर की युनिपोलर (फिरणारं कवच नसलेला एकसंध बॉल) यावर घासाघीस करण्यापेक्षा ‘सिमेंट घालणार का?’ हे विचारा. घराबाहेर चालणाऱ्या बाईंना सिमेंट घातलेला दांडा मी पहिल्या पसंतीने सांगेन.

सिमेंटचा एक धोका आहे, तो लपवू नये. नळीत सिमेंट दाबून भरताना चरबी आणि हवेचे कण रक्तात जाऊन रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम घसरू शकतो. म्हणून नळी आधी नीट धुवून कोरडी करतात, खाली बूच लावतात, सिमेंट फार जोराने दाबत नाहीत आणि भरण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगतात. हृदय फारच कमकुवत असेल तर सिमेंट टाळण्याचा निर्णय योग्य ठरू शकतो. हे इकोवर (हृदयाची सोनोग्राफी) आणि भूलतज्ज्ञांच्या मतावर सोडा.

पूर्ण सांधा बदलणं, म्हणजे वाटीसुद्धा नवी बसवणं, हा तिसरा पर्याय. आधीपासून खुब्याचा संधिवात असेल तर तोच करावा. ज्यांची बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत आहे, जे काठीशिवाय बाहेर फिरत होते, त्यांनाही तो सुचवला जातो. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,५०० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन वर्षांनंतर अर्धा (फक्त बॉल बदललेला) आणि पूर्ण सांधा यांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं आणि चालण्यातला फरक अगदी थोडा. पूर्ण सांधा निखळण्याचा धोका जास्त असतो. आईंची वाटी चांगली असेल तर अर्ध्या सांध्यावर मी समाधान मानेन. त्या वयाच्या मानाने फारच तंदुरुस्त असतील आणि सर्जनचा पूर्ण सांध्याचा हात बसलेला असेल, तर तो पर्यायही चुकीचा नाही.

मामांच्या सल्ल्यामागे माया आहे, पण तो मानायचा नाही. मानेचं सरकलेलं फ्रॅक्चर सहा आठवड्यांत काय, सहा महिन्यांतही वजन लावून जुळत नाही, कारण वर सांगितलं ते. तोपर्यंत आई उताण्या पडून राहतील. माकडहाडावर आणि टाचेवर बेडसोअर काही तासांतही सुरू होऊ शकतो. छातीत कफ साठून न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पिंढरीत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर जीव जातो तो या गोष्टींनी. ऑपरेशन करूनसुद्धा या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात २० ते ३० टक्के वयस्क दगावतात, इतका हा प्रसंग गंभीर आहे. ऑपरेशन न करता हे प्रमाण आणखी वाढतं. आधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या किंवा अखेरच्या आजारातल्या रुग्णाला ऑपरेशन न करणं ही रास्त निवड असू शकते. आईंची स्थिती तशी नाही. आणि गावाकडून कोणी मालीश किंवा लेपाचा आग्रह धरला तर तोही नको. चोळण्या-ओढण्याने उरलेल्या शिराही जातात.

ऑपरेशनपर्यंत पायाला दोन-तीन किलोचं वजन लावण्याची पद्धत अजून आहे. दुखणं कमी होण्यात त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही. पायाखाली उशी, वेळेवर पॅरासिटामॉल आणि भूलतज्ज्ञांनी जांघेत दिलेलं नस बधिर करणारं इंजेक्शन याने जास्त आराम पडतो. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मात्र मधुमेही, वयस्क किडनीला महाग पडतात.

आता वेळ. दाखल झाल्या त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं हे उद्दिष्ट असतं. आपल्याकडे उशीर होतो तो बहुतेक वेळा फिटनेसच्या नावाखाली. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, रक्तगट, ईसीजी, छातीचा एक्स-रे एवढं लगेच व्हायला हवं. छातीत नवा आवाज, दम, हार्ट फेल्युअरची लक्षणं असतील तर इको हवाच, पण नुसत्या इकोच्या तारखेसाठी दोन दिवस थांबू नये. साखर १८० ते २०० च्या खाली आणण्यासाठी इन्सुलिन पुरतं. तीन महिन्यांची साखर जास्त निघाली म्हणून ऑपरेशन पुढे ढकलण्यात अर्थ नाही, ती आठवड्यात बदलणारी नाही. मधुमेहाच्या गोळ्यांत ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारं नाव असेल (डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन), तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. या गोळीवर असताना उपाशी राहिल्यास साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं.

रक्त पातळ करणारी गोळी नेमकी कोणती, यावर बरंच अवलंबून आहे. अ‍ॅस्पिरिन असेल तर थांबण्याची गरजच नाही. क्लोपिडोग्रेल असेल तर पाठीतल्या भुलीसाठी पाच ते सात दिवस थांबावं लागतं, पण तेवढे दिवस आईंना पडून ठेवण्यापेक्षा पूर्ण भूल देऊन लवकर ऑपरेशन करणं सहसा बरं. वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) तपासून व्हिटॅमिन के देऊन ते उतरवता येतं. नवी औषधं (अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन) असतील तर शेवटची गोळी कधी घेतली आणि किडनी कशी आहे यावर साधारण एक-दोन दिवसांची वाट बघावी लागते. गेल्या वर्षभरात स्टेंट बसवलेला असेल तर घरच्या घरी गोळी बंद करू नका. हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांना एकमेकांशी बोलायला लावा, चिठ्ठ्यांवर विसंबू नका.

खर्चाचंही बघा. आई सत्तरच्या पुढे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यासाठी वय वंदना कार्ड काढावं लागतं. रुग्णालय योजनेत आहे का हे दाखल होतानाच विचारा, नंतर नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आईंना पलंगाच्या कडेला बसवतील आणि वॉकर धरून उभं करतील. सिमेंट घातलेल्या बॉलवर पहिल्या दिवसापासून पूर्ण वजन टाकता येतं, आणि बॉल बदलण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. ‘टाके सुटेपर्यंत झोपवून ठेवू’ असं घरातलं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पहिल्या दोन-तीन रात्री आई भ्रमिष्टासारखं बोलतील, नळ्या ओढतील, अशी शक्यता बरीच आहे. वेड लागलं म्हणून घाबरू नका. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्या, ओळखीचं माणूस जवळ ठेवा, लघवीची नळी लवकर काढायला सांगा, झोपेच्या गोळ्या टाळा. गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं साधारण महिनाभर चालतात, घरी सोडताना ती बंद होत नाहीत याकडे लक्ष द्या. जेवणात डाळ, अंडी, दूध, पनीर वाढवा. या काळात भूक मरते आणि स्नायू झपाट्याने वितळतात.

मागच्या बाजूने सांधा उघडला असेल तर पहिले तीन महिने निखळण्याचा धोका असतो. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही. म्हणजे पाटावर बसणं नाही, मांडी नाही, उकिडवं नाही, भारतीय संडास नाही. पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर वळताना दोन पायांमध्ये उशी. आई डिस्चार्ज होण्याआधीच घरी कमोडची खुर्ची, गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडा उंच पलंग, बाथरूममध्ये पकडायचा दांडा आणि रात्रीचा दिवा एवढं करून ठेवा. पायपुसणी आणि सतरंज्या उचला. वॉकरची उंची मनगटाच्या रेषेपर्यंत हवी. पाय अचानक आखूड झाला, आत वळला आणि उभं राहवेना, तर सांधा निखळलाय, लगेच आणा. जखमेतून पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही पाणी झिरपत असेल तर घरी अँटिबायोटिक सुरू करून वाट बघू नका, सर्जनना दाखवा. लवकर धुतलेला संसर्ग बरा होतो, महिनाभर दाबून ठेवलेल्या संसर्गात बॉल काढावा लागतो.

शेवटचा मुद्दा बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर नसतो, म्हणून तुम्हीच विचारा. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे हाडं विरळ झालेली आहेत हे सिद्ध झालं, त्यासाठी डेक्साची (हाडांची घनता मोजणारी तपासणी) वाट बघावी लागत नाही. आधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि किडनी तपासून डीची कमतरता भरून काढा. मग ऑपरेशननंतर किमान दोन आठवड्यांनी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड या हाडं बळकट करणाऱ्या औषधाचं ५ मिलिग्रॅमचं सलाईन, वर्षातून एकदा. खुबा मोडल्यानंतर ९० दिवसांच्या आत हे दिल्यास नवी फ्रॅक्चर्स सुमारे एक तृतीयांशाने आणि मृत्यूही कमी झाल्याचं २००७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३५ च्या खाली असेल तर ते देता येत नाही, तेव्हा डेनोसुमॅब या इंजेक्शनचा विचार करतात, दर सहा महिन्यांनी, आणि ते मध्येच सोडलं तर मणके खचू शकतात. पहिल्या सलाईननंतर दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, पॅरासिटामॉलने जाते. दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्या.